हिपॅटायटिसवर काम करणारा गाइड निवडताना एच-इंडेक्स पाहावा का?

तुमची भाची बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मायक्रोबायोलॉजी करतेय, पुढे हिपॅटायटिसवर पीएचडी करायची म्हणते, म्हणून विचारलंत. एच-इंडेक्स पाहावा, पण त्यावर सगळं ठरवू नये. एच-इंडेक्स 40 म्हणजे इतरांच्या पेपरांत प्रत्येकी किमान 40 वेळा उद्धृत झालेले 40 पेपर, एवढंच.

हिपॅटायटिस सीचा विषाणू शोधणारे शास्त्रज्ञ मायकल हाउटन यांचंच बघा. 1982 पासून ते या विषाणूमागे होते. विषाणू दिसत नव्हता, प्रयोगशाळेत वाढत नव्हता. शेवटी बाधित चिंपांझीच्या रक्तातून बनवलेले लाखो क्लोन (जीवाणूंत वाढवलेले जनुकीय तुकडे) रुग्णाच्या रक्तद्रवाने तपासले, तेव्हा त्यातला एक विषाणूचा निघाला! पेपर आला 1989 मध्ये. त्याआधी नुसते आकडे बघून यातलं काय कळलं असतं?

त्या पेपरवर पहिलं नाव क्वी-लिम चू यांचं आहे. चू आणि जॉर्ज कुओ या सहकाऱ्यांना वगळलं म्हणून हाउटननी 2013 मध्ये कॅनडाचा गेर्डनर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार नाकारला. त्यांना मिळालेल्या 2020 च्या नोबेलइतकंच मला हे मोठं वाटतं.

भाचीला सांगा, गाइडचे अलीकडचे पेपर काढ, पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असतं का बघ, आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचार.