१८ लाखांत पोटगी कायमची सोडावी का?

प्रश्न थोडक्यात: वय ४२, मानपाडा, ठाणे. खासगी नोकरी, हातात ३८,००० रुपये. घटस्फोटानंतर ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मला १५,००० आणि १३ वर्षांच्या मुलीला ९,००० अशी दरमहा २४,००० पोटगी ठरवून दिली. माजी पती ऐरोलीत आयटी कंपनीत आहेत, पगार साधारण ९५,०००. गेले १४ महिने एक रुपया आलेला नाही. आता ते म्हणतात, १८ लाखांत सगळं मिटवू. ५ लाख लगेच, बाकीचे १३ लाख दरमहा एकेक लाखाच्या पुढच्या तारखांच्या चेकने. बदल्यात थकबाकी, माझी पोटगी आणि मुलीची पोटगी, तिन्ही सोडायचं. माझं ११ लाखांचं घरकर्ज बाकी आहे, व्याज ८.५ टक्के, हप्ता १४,५००. पैसे घेऊन कर्ज फेडून टाकू का?

उत्तर: ताई, त्यांना हो किंवा नाही कळवण्याआधी एक काम याच आठवड्यात उरकून घ्या. थकबाकी वसुलीचा अर्ज दाखल करा. कलम १२५ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) खाली वसुलीचं वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुमचे १४ महिने थकलेत, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचे ४८,००० या मुदतीबाहेर गेलेच. ते बुडाले असं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाही अंमलात आणता येतो असं सांगितलं आहे, त्या वाटेने ते मागता येतील. पण तिथे समोरचा वकील वाद घालणार आणि वेळ जाणार. यापुढे ‘बोलणी चालू आहेत’ म्हणून थांबलात, तर दर महिन्याला आणखी २४,००० त्याच रांगेत जाऊन बसतील. अर्ज एकदा वेळेत पडला की पुढे थकत जाणारे महिने त्यातच जोडून मागता येतात. तडजोड त्यानंतरही करता येते, आणि अर्ज हातात असला की ती जास्त चांगली होते.

आता १८ लाखांकडे बघू. उशिरा मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा, म्हणून हप्त्यांनी येणाऱ्या पैशाची आजची किंमत वर्षाला ७ टक्क्यांनी काढली तर हा प्रस्ताव साधारण १७.५ लाखांचा होतो, तोही सगळे चेक वटले तर. त्यातले ३.३६ लाख तुमची थकबाकी आहे. ते तुमचेच पैसे आहेत, त्यांच्याकडून मिळणारी सवलत नव्हे. मुलगी १८ वर्षांची होईपर्यंतच्या ९,००० ची आजची किंमत ४.५५ लाख. ते तिचे आहेत, आणि मुलीचा हक्क आईने सोडून दिला तरी कोर्ट तो बंधनकारक मानत नाही. हे दोन्ही वजा केले की तुमच्या वाट्याला ९.६ लाख उरतात. १५,००० महिन्याच्या आणि त्याच ७ टक्क्यांच्या हिशोबाने ही रक्कम ८० महिन्यांची, म्हणजे ६ वर्षं ८ महिन्यांची पोटगी. वयाच्या ४२ व्या वर्षी तुम्ही कायमचा हक्क पावणेसात वर्षांच्या भावात विकताय. दहा वर्षांचा भाव लावला तर तुमच्या एकटीच्या वाट्याचे १२.९ लाख होतात.

मात्र ‘कायमचा हक्क’ हा शब्द जरा जपून घ्या. तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर पोटगी थांबते. त्यांच्या मृत्यूनंतर दरमहाचा प्रवाह आटतो. तुमचा पगार वाढला किंवा त्यांची नोकरी गेली, तर रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज ते करू शकतात. त्यामुळे एकरकमी घेणं मुळातच चूक आहे असं मी म्हणणार नाही. प्रश्न भावाचा आणि अटींचा आहे.

भाव ठरतो वसुली किती सोपी यावर, आणि तुमची बाजू इथे भक्कम आहे, कारण समोरचा माणूस पगारदार आहे. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या वसुलीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. ९५,००० धरले तर सुमारे ६३,००० पर्यंत जप्ती पोहोचू शकते. चालू २४,००० आणि थकबाकीपोटी आणखी २४,००० असे ४८,००० कापले गेले, तर १४ महिन्यांत जुनी बाकी शून्य होते. बँक खातं, एफडी, म्युच्युअल फंड, शेअर, त्यांच्या नावावरचा फ्लॅट हेही जप्तीच्या कक्षेत येतं. पीएफ, पीपीएफ, ग्रॅच्युइटी आणि आयुर्विम्याचे पैसे येत नाहीत. म्हणून ‘नोकरी सोडली की पीएफमधून देतो’ या शब्दाला वसुलीच्या दृष्टीने काही वजन नाही. ते नोकरीत आहेत तोवरच तुमचा हात वर आहे.

वॉरंटनंतरही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी देणं माफ होत नाही. तरी माझं मत, कैदेपेक्षा पगारकपातीच्या मागे लागा. तुरुंगात बसलेल्या माणसाचा पगार कोण काढणार?

अर्जासोबत आदेशाची प्रमाणित नक्कल, तुमच्या खात्याचं १४ महिन्यांचं स्टेटमेंट आणि एक साधा तक्ता जोडा: महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. अधूनमधून यूपीआयने शाळेच्या फीला वगैरे काही आलं असेल तर तेही प्रामाणिकपणे दाखवा. ते लपवलं आणि समोरच्याने स्क्रीनशॉट काढला, की सगळा तक्ताच संशयात येतो. त्यांनी मूळ खटल्यात मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दिलं असेल तर त्याची नक्कल काढा. बँकांची नावं आणि पॅन तिथेच मिळतात. नसेल दिलं, तर ते मागवण्याची विनंती याच अर्जात करा. फ्लॅटसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्तांचा शोध घेता येतो.

हे अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टींवर. पत्ता जुना असतो आणि समन्स ‘घर बंद’ शेऱ्याने परत येतं. कंपनीचं नाव अर्धवट लिहिलेलं असतं, किंवा माणूस ऐरोलीत बसतो पण पगार दुसऱ्याच कंपनीच्या नावाने निघतो. सॅलरी स्लिपवर किंवा फॉर्म १६ वर जे नाव असेल तेच लिहा, पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा द्या. मग वॉरंटच्या तारखेला समोरचा पन्नास हजार भरतो आणि तारीख पुढे ढकलून घेतो. पैसे जरूर घ्या, पण ते सर्वांत जुन्या थकलेल्या महिन्यांकडे वळते केल्याची पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) त्याच दिवशी द्या. नाहीतर ‘हे चालू महिन्यांचे होते’ असं म्हणून जुने महिने तसेच लोंबकळत ठेवले जातात. आणि रक्कम कोर्टात जमा झाली तर ती आपोआप तुमच्या खात्यात येत नाही, काढून घेण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो.

खर्चाची धास्ती घेऊ नका. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यांना महिलांना कोर्ट फी माफ आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोडीसाठी माझा प्रतिप्रस्ताव असा राहील. थकबाकीचे ३.३६ लाख वेगळे आणि आधी. मुलीचे ९,००० जसेच्या तसे चालू. तुमच्या वाट्याचे मागायचे १३ लाख, पण एकाच दिवशी डिमांड ड्राफ्टने मिळत असतील तर ११ लाखांवर यायला हरकत नाही. तो आठ वर्षांचा भाव होतो, आणि खात्रीच्या पैशासाठी मी तेवढी घट सोसेन. त्यांनाही सांगा की ११ लाखांवर मिटलं तर यात एकरकमी १८ नव्हे, १४.३६ लाखच उभे करायचे आहेत. ते परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत किंवा नोकरी डळमळीत आहे असं पक्कं कळलं, तर रोख पैशाचं मोल आणखी वाढतं. मग दहा लाखांवरही विचार करा.

तेरा चेकचा सौदा मला आवडलेला नाही. चेक न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवस वाट, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. असे चार-पाच चेक परत आले की तुम्ही पोटगीचा खटला सोडून चेकच्या खटल्यांत अडकाल. हप्ते घ्यावेच लागले तर तीन-चारच्या वर नकोत, आणि संमतीपत्रात लिहून घ्या की एक हप्ता चुकला तरी मूळ आदेश पूर्ववत लागू होईल. वसुलीचा अर्ज शेवटचा रुपया जमा होईपर्यंत मागे घेऊ नका. रोख अजिबात नको, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाच मान्य नाही. आणखी एक अट घाला: मुलीच्या नावे विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली (म्हणजे विम्याचे पैसे फक्त तिलाच मिळतील अशी) त्यांच्या आयुष्यावर नवीन टर्म विमा पॉलिसी, हप्ते त्यांनी भरायचे. हा पर्याय पॉलिसी काढतानाच निवडावा लागतो, जुन्या पॉलिसीला नंतर लावता येत नाही.

कराचं ओझं यात जवळपास नाही. एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती (नियमित उत्पन्न नव्हे) असल्याने करमुक्त, असं मुंबई उच्च न्यायालयाने महेश्वरी देवी प्रकरणात १९८३ मध्येच म्हटलं आहे. दरमहाची पोटगी करपात्र आहे, पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने पगार, वर्षाची पोटगी आणि थकबाकी एकाच वर्षात आली तरी तुमचा कर शून्यच निघेल. संमतीपत्रात थकबाकी आणि एकरकमी पोटगीचे आकडे मात्र वेगवेगळे लिहा.

राहिलं घरकर्ज. ११ लाख मिळाले आणि ११ लाख कर्ज, हा जुळून आलेला आकडा मोहात पाडतो. हप्त्याचे १४,५०० वाचतात, पोटगीचे १५,००० जातात, हिशोब बरोबर बसल्यासारखा वाटतो. पण ते कर्ज नऊ वर्षांत तसंही संपणार आहे, आणि सगळं त्यात ओतलं तर मुलगी कॉलेजला जाताना हात रिकामे. थकबाकीचे ३.३६ लाख आणीबाणीसाठी स्वीप एफडीत (बचत खात्याला जोडलेल्या, लागतील तेव्हा पैसे काढता येणाऱ्या एफडीत) ठेवा. ११ पैकी ७ लाख कर्जात भरा आणि बँकेला लेखी सांगा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा. न सांगितल्यास बँका सहसा मुदत कमी करतात. हप्ता सुमारे ५,३०० वर येईल. व्याजदर बदलता असेल तर मुदतपूर्व भरण्याला दंड लागत नाही. उरलेले ४ लाख मुलीच्या शिक्षणासाठी पाच वर्षांच्या एफडीत ठेवा, शेअर बाजारात नकोत. १८ नंतर १२५ खालचे तिचे ९,००० थांबतील. अविवाहित आणि न कमावत्या मुलीला हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० खाली वडिलांकडे पुढेही मागता येतं, पण तो दावा वेगळा लावावा लागेल. म्हणून संमतीपत्रात तिचा तो हक्क सोडल्याचं एकही वाक्य येऊ देऊ नका.