आर्क्टिक उन्हाळ्यात लाँगस्परची घरटी कशी शोधावी, किती वेळा पाहावी?

जूनमध्ये उत्तर अलास्कातल्या टूलिक सरोवराकडे जाताय आणि लॅपलँड लाँगस्पर या चिमणीएवढ्या पक्ष्याची घरटी पाहायची आहेत, तर नराच्या मागे लागू नका. हवेत चढून गात खाली तरंगणारा नर चटकन नजरेत भरतो, पण त्याच्यावरून फक्त हद्द कळते. घरटं दाखवते ती मादी. ४०-५० मीटरवर खाली बसा, ८×४२ ची दुर्बीण लावा आणि हलू नका. अंडी उबवणारी मादी खायला अधूनमधून उठते. परतताना ती घरट्यावर थेट उतरत नाही; थोडं अलीकडे उतरून गवतातून चालत जाते. म्हणून लगेच धावू नका. तिची दुसरी फेरी पाहा आणि दोन्ही वेळा ती जिथे दिसेनाशी झाली तिथले कापूसगवताचे ठोंब तपासा. घरटं ठोंबाच्या कुशीत, जमिनीलगत असतं आणि आत बहुधा टार्मिगन या तितरासारख्या पक्ष्याची पांढरी पिसं अंथरलेली असतात.

सूर्य मावळत नसला तरी पक्षी मध्यरात्रीच्या सुमारास काही तास विसावतात. तिथल्या उन्हाळी घड्याळात सूर्याची मध्यरात्र दोनच्या आसपास येते, त्यामुळे बारा ते चार शोधत फिरण्यात अर्थ नाही.

साधारण पाच अंडी, उबवणीचे सुमारे १२ दिवस, आणि मग ८-१० दिवसांत पिल्लं उडता येण्याआधीच चालत बाहेर पडतात. तीन-चार दिवसांनी एक भेट पुरे. पिल्लं सात दिवसांची झाली की जवळ जाऊच नका. घाबरून बाहेर पळालेली पिल्लं परत ठेवली तरी थांबत नाहीत. घरट्याशेजारून सरळ पुढे निघून जा. तिथूनच मागे फिरलात तर तुमच्या वासाचा माग नेमका घरट्यापाशी संपतो आणि कोल्ह्याला तेवढं पुरतं. झेंडी नको, दहा मीटरवर ठरलेल्या दिशेला एक काडी रोवा आणि जागेचा फोटो घ्या, कारण जीपीएस काही मीटर चुकतं.

परवाना असेल तर तापमानाचे दोन बटण-लॉगर (ठरावीक वेळाने तापमान आपोआप नोंदवणारी बटणाएवढी यंत्रं) वापरा, एक अंड्यांमध्ये आणि एक बाहेर जमिनीवर. एकच ठेवलात तर उन्हाने तापलेलं घरटं आणि बसलेली मादी यांतला फरक कळत नाही. २०४८ नोंदींचा लॉगर दर दोन मिनिटांना लावला तर ६८ तासांत भरतो, हे भेटी ठरवतानाच धरा.

गार अंडी दिसली म्हणून 'सोडलेलं घरटं' असं लिहू नका. मादी रोज एक अंडं घालते आणि शेवटच्या एक-दोन अंड्यांपर्यंत नीट बसत नाही. दुसऱ्या दिवशी हात न लावता अंडी मोजा. एक अंडं वाढलं असेल तर घरटं चालू आहे.