हक्क कधी मिळाला आणि तो का आहे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

हक्कांवरचं तुझं टिपण वाचलं. लॉक, बेंथॅम, बर्क हे पाश्चात्त्य विचारवंत सगळे ओळीनं आले आहेत, मार्कही मिळतील. पण हक्क ही चीज समजून घ्यायची असेल, तर आधी महाडच्या चवदार तळ्याचा खटला वाच.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. बेंथॅम म्हणतो, हक्क कायद्याच्या पोटी जन्मतो. इथं सरकारदरबारी मान्यता होती, तरी तळ्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक ते पाणी प्याले. त्याच दिवशी लोकांना मारहाण झाली आणि नंतर शेणगोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं.

खरी मेख पुढे आहे. सवर्ण मंडळी कोर्टात गेली, तीही हक्काचीच भाषा बोलत. तळं वापरायचा हक्क आमचाच, पूर्वापार वहिवाट तशी आहे! १९३७ मध्ये हायकोर्टानं त्यांचा दावा फेटाळला, कारण वहिवाट अनादिकाळापासूनची आहे हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. हे कारण नीट वाच. मला ते आजही अस्वस्थ करतं. समज, भक्कम पुरावा मिळाला असता, तर माणसाला पाणी पिण्याचा हक्क उरलाच नसता का?

म्हणून हक्क कधी मिळाला आणि तो का आहे, हे दोन प्रश्न तुझ्या निबंधात वेगळे काढ. पहिल्याचं उत्तर ठरावांत, मोर्चांत, निकालांत सापडतं. दुसऱ्यासाठी हक्क निसर्गतःच असतात म्हणणाऱ्या लॉककडे जा, आणि त्याच्याइतक्याच गांभीर्यानं जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'कडेही. निर्मिकानं, म्हणजे निर्मात्यानं, सर्व स्त्रीपुरुषांना स्वतंत्र निर्माण केलं, हा फुल्यांचा आधार कुठल्याही वहिवाटीवर टेकलेला नाही. आपल्या अभ्यासक्रमात ते 'समाजसुधारक' या खणात बंद असतात, हे मला मुळीच पटत नाही. ते हक्कांचे तत्त्वज्ञ आहेत.

मग संविधानाचं कलम १५(२) उघड. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी आले आहेत. बहुतेक मूलभूत हक्क सरकारला बांधतात. हे कलम आपल्या शेजाऱ्यालाही बांधतं. असं का करावं लागलं, त्यावर दोन पानं लिहून पाठव.

तुझा,
सर