वाचक विचारतात : नव्या सरकारची पहिली घडी

प्रश्न : अमेरिकेची राज्यघटना जून १७८८ मध्येच मंजूर झाली. मग पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचा शपथविधी ३० एप्रिल १७८९ पर्यंत का लांबला?

उत्तर : अडलं ते गणपूर्तीपाशी, म्हणजे कामकाजाला लागणाऱ्या किमान हजेरीपाशी. काँग्रेस, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेली संसद, ४ मार्चला न्यूयॉर्कमध्ये भरायची होती, पण त्या दिवशी सिनेटचे २२ पैकी आठच सदस्य हजर होते. हवे होते १२. रस्ते वाईट, काही ठिकाणी निवडणुकाच उशिरा झालेल्या. प्रतिनिधिगृहाची गणपूर्ती १ एप्रिलला झाली, सिनेटची ६ एप्रिलला. अध्यक्षपदाची मतं दोन्ही सभागृहांसमोरच मोजायची असल्यामुळे तोवर निकालच लागेना! वॉशिंग्टन यांना अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांतून नेमलेल्या सर्व ६९ निर्वाचकांनी मत दिलं होतं.

खरी झळ बसली तिजोरीला. राज्यघटनेआधीच्या जुन्या व्यवस्थेत केंद्राला कर लावण्याचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे हात पसरावा लागे. म्हणून प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेम्स मॅडिसन यांनी ८ एप्रिललाच आयातशुल्काचा प्रस्ताव मांडला. वसंतातली जहाजं शुल्काविना सुटू नयेत ही त्यांची धडपड. कायद्यावर सही झाली ४ जुलैला, तो हंगाम हातचा गेला. तरीही हा क्रम मला अचूक वाटतो : आधी उत्पन्न, मग खाती. परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती जुलै ते सप्टेंबरमध्ये उभी राहिली. सहा न्यायाधीशांचं सर्वोच्च न्यायालय २४ सप्टेंबरच्या कायद्याने.