मार्फान असलेल्या मुलाचा डोळ्याचा पडदा सुटला आहे, ऑपरेशन करावं का?

तुमचा भाचा 14 वर्षांचा, त्याला मार्फान (शरीराला बांधून धरणारे धागे कमजोर करणारा जन्मजात आजार) आहे, डाव्या डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) सुटलाय आणि गावातले म्हणतात की अशा पोरांचं ऑपरेशन टिकत नाही, पैसा घालवू नका. भाऊ, करा. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख पोळ्यानंतर ढकलू नका.

मी डॉक्टर नाही, केळापूर तालुक्यातला कास्तकार आहे. पण मार्फान मलाही आहे आणि माझ्या दोन डोळ्यांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डावा गेला तेव्हा मी 29 चा होतो. वेचणीचे दिवस. डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायचे, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. वाटलं, कापसाचा तूस गेला असेल. नऊ दिवस पाणी मारत बसलो. मग खालून सावली चढत गेली, आणि पडद्याचा मधला भाग, ज्यानं आपण वाचतो, तोही सुटला. नागपूरला ऑपरेशन झालं, पडदा बसला. पण त्या डोळ्यानं आज माणूस दिसतो, चेहरा नाही.

सहा वर्षांनी उजव्यात तशीच चमक दिसली. त्याच रात्रीची एसटी धरली. पडद्याला नुसती चीर होती, भोवती लेझर मारून दुपारी घरी. सातबाऱ्यावरचं बारीक अक्षर मी याच डोळ्यानं वाचतो.

गावातले म्हणतात त्यात थोडं खरं आहे. मार्फानमध्ये डोळ्याचा गोळा अनेकदा लांबट असतो, बाहेरची पांढरी भिंत पातळ, नैसर्गिक भिंग जागेवरून हललेलं. थेंब टाकूनही बाहुली पुरती फाकत नाही, म्हणून कडेची चीर सर्जनला शोधावी लागते. बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बांधतात, किंवा आतली जेली काढून गॅस वा तेल भरतात, कधी दोन्ही करावं लागतं. दुसऱ्यांदा टेबलावर जायची तयारी ठेवा. पण हातच लावला नाही तर बहुतेक वेळा तो डोळा अंधारातच जातो.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना मार्फान आहे हे तुम्ही स्वतः सांगा, चिठ्ठीत लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. या आजारात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगत जाते. म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) ताजा हवा, आणि हृदयाची गोळी चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका. पैशांसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणारा माणूस) आधी गाठा, रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.

गॅस भरला तर बरेचदा काही दिवस मान खाली घालून राहावं लागतं. मी बाजेच्या कडेवरून डोकं बाहेर काढून पालथा पडायचो. खालून कोंबड्या फिरायच्या, त्यांची माझी चांगली ओळख झाली होती! गॅस विरेपर्यंत विमान नाही, चिखलदऱ्याचा घाटसुद्धा विचारूनच. या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगायचं, कारण भुलीतला एक वायू त्याला फुगवतो आणि डोळा जाऊ शकतो.

मला नंतर तेल घातलं होतं. चार महिन्यांनी काढायला बोलावलं, मी पेरणी धरून बसलो आणि आठव्या महिन्यात गेलो. तोवर डोळ्याचं प्रेशर चढलं होतं. हा गुन्हा माझाच.

आता पोराच्या उजव्या डोळ्याचं. सगळे डाव्यामागे धावतात आणि चांगला डोळा तसाच राहतो. त्याच भेटीत त्याची बाहुली फाकवून कडेपर्यंत तपासणी मागा. पोराचे आई-बाप आणि भावंडंही दाखवून घ्या. आई-बापापैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराला पन्नास टक्के शक्यता असते. आणि घरात कोणालाच नसताना नव्यानंही होतो, म्हणून कोणाला दोष देऊ नका.

माझ्या पोरीला आहे. लहान लेकरं एका डोळ्यानं भागवतात, सांगत नाहीत. म्हणून रोज सकाळी दात घासताना ती एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचते, मग दुसरा झाकून. मागच्या महिन्यात तिनं मलाच उभं केलं आणि विचारलं, ‘बाबा, डाव्यानं वाचा.’