वजन कमी करायचे प्रयत्न सारखे फसले की येणाऱ्या वैतागाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 38, उंची 155 सेंमी, वजन 74 किलो, राहणं गुहागरकडे. पाच वर्षांत तीनदा जोर लावलात. एकदा भात पूर्ण बंद केलात, एकदा डब्यातली पावडर घेतलीत, एकदा रात्रीचं जेवण सोडलंत. दर वेळी पाच-सहा किलो उतरले आणि वर्षाच्या आत परत आले. आता काट्यावर उभं राहिलं की रडू येतं, घरचे म्हणतात तोंडावर ताबा नाही, आणि चौथ्यांदा सुरुवात करायचा धीर होत नाही.

आधी वैतागाचंच बघू, कारण त्यातला बराचसा भाग उपासमारीचा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना दिवसाला दीड हजारांहून थोड्या जास्त कॅलरी मिळत. माणसं निवडताना मनाने खंबीर बघून निवडलेली. काही आठवड्यांत ती चिडचिडी झाली, उदास राहू लागली, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागली. आपल्याकडे बायकांच्या हातात सर्रास 1,000 ते 1,200 कॅलरींचे तक्ते देतात, आणि तेवढ्यावर स्वयंपाक, धुणी, मुलं, बागेतलं काम सगळं करायचं असतं. तीन आठवड्यांनी डोकं फिरायला लागलं तर त्यात नवल काय? तो तुमचा स्वभाव नव्हे, पोट रिकामं असल्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट घरच्यांनाही वाचून दाखवा. वजन उतरल्यावर शरीर गप्प बसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेला हिशेब असा: उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र रोज साधारण 100 कॅलरींनी वाढते. म्हणजे सहा किलो उतरवल्यावर तुम्हाला आधीपेक्षा 600 कॅलरींची जास्त भूक लागत होती, आणि खर्च शंभर-दीडशेने कमी झाला होता. या ओढीविरुद्ध तुम्ही काही महिने टिकलात, तेही तीनदा. ताबा नसलेल्या माणसाला एकदाही जमत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तुमची चूक उतरवण्यात झाली नाही. उतरल्यावर काय करायचं, हे त्या तिन्ही योजनांमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

आता काटा. रडू आणणारा आकडा बहुतेक वेळा पाण्याचा असतो. साधं गणित बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दवाखान्यात लावतात त्या सलाइनच्या एका लिटरात 9 ग्रॅम मीठ असतं, आणि शरीरातल्या पाण्याचा खारटपणाही जवळपास तितकाच. म्हणजे एरवीपेक्षा पाच ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर ते बाहेर पडेपर्यंत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवू शकतं. पावसाळ्यात आपल्याकडे काय असतं? सुकट, सोडे, खारा बांगडा, लोणचं, फेण्या-पापड. रात्री खाऱ्या बांगड्याबरोबर पेज जेवलात आणि सकाळी काटा 600 ग्रॅम वर दिसला, तर ते मीठ-पाणी आहे. तेवढी चरबी चढायला एका रात्रीत गरजेपेक्षा साडेचार हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. भाताचंही तेच. भात बंद केला की शरीरातला पिष्टाचा साठा संपतो आणि त्याच्या तिप्पट पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो ‘उतरतात’ ते बहुतेक हेच. पुन्हा भात सुरू केला की ते परत येणारच, आणि आपण म्हणतो भातानं वजन वाढलं. पाळीच्या आधीही किलो-दीड किलो पाणी साचतं.

तेव्हा काटा असा वापरा. फरशीवर ठेवायचा, एकाच जागी. सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर तो खोटं सांगतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करायचं. आकडा कॅलेंडरवर लिहायचा आणि त्यावर विचार करायचा नाही. रविवारी सात आकड्यांची बेरीज करून सातने भागायचं. या रविवारची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून बघायची. रोजचा आकडा बघवतच नसेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बघा. तोही बघवत नसेल तर काटा दोन महिने माळ्यावर टाका आणि टेपने बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर महिन्यातून एकदा मोजा. भारतीय बायकांसाठी 80 सेंमीच्या वर घेर गेला की धोका धरतात. घेर कमी होतोय आणि वजन जागचं हलत नाही, असंही होतं, आणि तेही चांगलंच आहे.

किती उतरवायचं? तुमच्या 74 किलोंचे पाच टक्के म्हणजे 3.7 किलो. रक्तातली साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसायला एवढं पुरतं. लग्नाच्या वेळचं 55 किलो हे ध्येय कागदावरून खोडून टाका, वैतागाचं मोठं मूळ तिथे आहे. चेन्नईत 531 जणांवर झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (2006) ज्यांनी चालणं वाढवलं आणि खाणं सुधारलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं. त्यांचं वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. 2023 च्या देशव्यापी पाहणीत सर्वांत जास्त मधुमेह आपल्या शेजारच्या गोव्यात, 26.4 टक्के, निघाला. आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट कामाची आहे. काटा हलला नाही तरी चाललेलं फुकट जात नाही.

खाण्याबद्दल. ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली असलेला तक्ता गुहागरात दोन महिन्यांवर चालत नाही. वाटप (नारळाचं वाटण), भात आणि मासे यांच्यातच जागा शोधायची, आणि ती आहे. सुरुवात तेलाच्या कॅनपासून करा. कॅन उघडला त्या दिवशीची तारीख त्यावर लिहा. पाच लिटरचा कॅन चार माणसांना महिनाभर जात असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल झालं. बसून काम करणाऱ्या बाईला 20 ग्रॅमच्या आसपास पुरतं, आणि आपल्याकडे वर नारळ असतोच. तोच कॅन 50 दिवस पुरवला तर माणशी रोज 15 ग्रॅम, म्हणजे 135 कॅलरी वाचतात. महिन्याला साधारण 4,000. अर्धा किलो चरबीचा हिशेब यातच निघतो. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरेल, कारण शरीर खर्च आवरतं, पण यासाठी कुणाला उपाशी राहावं लागलं नाही. तेल बाटलीतून ओतायचं बंद करून चहाच्या चमच्याने मोजायचं, मासे तव्यावर भाजल्यासारखे करायचे, आणि आठवड्यातले दोन दिवस तळण्याऐवजी तिखलं किंवा हळदीच्या पानातली मासळी करायची.

नारळ बंद करू नका. तो बंद केला की जेवणात राम राहत नाही आणि पंधराव्या दिवशी सगळं सुटतं. मोजा मात्र. मध्यम नारळाच्या एका कवडीचा, म्हणजे अर्ध्या भागाचा, चव (खवलेलं खोबरं) साधारण 100 ते 125 ग्रॅम भरतो, त्यात 400 च्या आसपास कॅलरी. चौघांच्या आमटीला एक कवड म्हणजे माणशी शंभर, ते चालतं. आमटीचं वाटप, भाजीवर चव आणि शेवटी नारळाच्या दुधाची सोलकढी हे तिन्ही एकाच जेवणात आलं की अडीचशे-तीनशे होतात. त्या दिवशी कढीऐवजी आमसुलाचं सार करा.

भात शिजवण्यापूर्वी मोजायचा. 100 ग्रॅम कच्चे तांदूळ म्हणजे 350 कॅलरी. तुमच्या वाटणीचे दोन्ही वेळचे मिळून 120 ते 150 ग्रॅम ठेवा. उकडा तांदूळ असेल तर उत्तम, जेवण जरा दमानं होतं. पानात आधी भाजी आणि मासा वाढा, भात शेवटी. 100 ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि प्रथिनांनीच ती वाढलेली भूक थोडी आवरते. बायकांच्या पानात मात्र डोकं-शेपटी आणि भात येतो, तुकडी इतरांना जाते. हे बदला. तुमची तुकडी आधी काढून ठेवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा कुळथाचं पिठलं, अंडी आणि डाळ. सुकट खायची तर आधी दोन पाण्यांतून काढून.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुमचे तीन प्रयत्न कोणत्या महिन्यांत सुटले ते आठवून लिहा. आपल्याकडचं वर्ष ठरलेलं आहे. मे महिन्यात चाकरमानी, लग्नं, आंबे-फणस. जून ते ऑगस्ट पाऊस, चालणं बंद. भाद्रपदात गणपती, घरात दहा-पंधरा माणसं, मोदक आणि पाहुण्यांची उठबस. मग दिवाळी. जानेवारीत सुरू केलेली कडक योजना मेच्या पहिल्या आठवड्यात कोसळते, आणि आपण त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणतो. म्हणून वर्षाचे दोन भाग करा. दिवाळीनंतर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत उतरवायचे महिने, साधारण 22 आठवडे. आठवड्याला 200 ग्रॅम धरले तरी 4.4 किलो होतात. तुमचे पाच टक्के त्यात बसले. उरलेले महिने राखणीचे. त्यात काम एकच, सरासरी एक किलोच्या आत-बाहेर राखायची. ऑक्टोबरात काटा एप्रिलच्याच आकड्यावर असेल तर तुम्ही जिंकलात, कारण आजवर याच महिन्यांत सगळं परत येत होतं. मे महिन्यात हापूस खा. एक मध्यम आंबा म्हणजे शंभरच्या आसपास कॅलरी. एक जेवणाआधी, त्या जेवणात भात निम्मा. त्रास आमरसाचा असतो, वाटीत तीन फळं जातात आणि कळत नाही.

चालण्याचं लांबण लावत नाही. रोज 30 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढलात तरी चालेल, पण गुडघे दुखत असतील तर उतरताना रस्त्याने या. कोरड्या वाळूत चालू नका, ओल्या घट्ट वाळूवर चाला. पावसात पडवीत खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहादहाचे तीन फेरे, एक दिवसाआड.

आणि तो क्षण, ज्यात सगळं सुटतं. दोन वडे खाल्ले जातात, मनात येतं ‘आता बिघडलंच, सोमवारपासून बघू’, आणि मग सहा होतात. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 मध्ये प्रयोगात हे दाखवलं होतं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर नंतर समोर ठेवलेलं आइस्क्रीम त्यांनी कमी खायच्या ऐवजी जास्तच खाल्लं. हे टाळायला वाक्य आधीच लिहून फडताळाच्या आत चिकटवा, ‘जर-तर’च्या भाषेत: ‘ठरवल्यापेक्षा जास्त खाल्लं गेलं, तर पुढचं जेवण नेहमीसारखं, नेहमीच्या वेळी.’ उपास करून फेडायचं नाही. दुपार बुडवली की रात्री दुप्पट जातं. दोन जादा वडे फार तर 300-400 कॅलरींचे, महिन्याच्या सरासरीत ते दिसतसुद्धा नाहीत. पुढचे चार दिवस सोडून दिले तर दिसतात.

गणपतीत कुणीतरी म्हणणारच, ‘काय गं, अंगानं सुटलीस!’ उत्तर तयार ठेवा: ‘डॉक्टर बघतायत ते. चहा आणू?’ विषय तिथेच तोडायचा. घरच्यांना टोमण्यांऐवजी काम द्या, कॅनवर तारीख घालायचं, संध्याकाळची भांडी अर्धा तास सांभाळायचं.

सुरू करण्यापूर्वी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि रक्तदाब तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या, पाळी बिघडवणाऱ्या हार्मोनच्या विकाराबद्दल विचारा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मनाच्या आजारावरची ओलान्झापाइन, फिट्सवरची व्हॅलप्रोएट यांनी वजन वाढतं. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना पर्याय विचारा. सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शनं काम करतात, पण सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं बरंचसं परत येतं, तेव्हा तो निर्णय डॉक्टरांबरोबरच. ‘15 दिवसांत 10 किलो’ला फसू नका. त्यासाठी रोज पाच हजारांहून जास्त कॅलरींची तूट लागते, आणि तुमचा दिवसाचा एकूण खर्चच दोन हजारांच्या आसपास आहे.

रडू दोन आठवड्यांहून जास्त रोज येत असेल, झोप गेली असेल, लपून खूप खाणं किंवा खाल्लेलं ओकून काढणं होत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी त्यावर उपचार घ्या. सरकारी टेली-मानस सेवेचा 14416 हा फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

हे काही नसेल तर पहिले 14 दिवस काहीच बदलू नका. फक्त सकाळचा आकडा, तेलाच्या कॅनवरची तारीख आणि मोजलेले तांदूळ लिहीत जा. पंधराव्या दिवशी कागद घेऊन बसा आणि या तिन्हींत सर्वांत सोपं जे दिसेल, त्या एकालाच हात घाला.