झूम चालतं, मग मीटच का अडतं?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: लॅपटॉप विंडोज १० चा, क्रोममध्ये गूगल मीटची लिंक उघडली की कॅमेरा सुरू होत नाही, पण त्याच लॅपटॉपवर झूमचं ॲप मजेत चालतं. कॅश (ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करून झाली, क्रोम काढून परत टाकलं, फरक शून्य.

तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट झूमचीच आहे. ते चालतंय म्हणजे कॅमेरा शाबूत, ड्रायव्हर (विंडोजला कॅमेऱ्याशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) शाबूत. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲपना कॅमेरा वापरू देण्याचं जे बटण असतं, तेही चालूच असणार. कारण त्या बटणाच्या हिशोबात झूम आणि क्रोम एकाच रांगेत येतात. तेव्हा ड्रायव्हरच्या नादी लागू नका. आणि कॅश साफ करणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक काढा झालाय, पण कॅमेऱ्याच्या परवानगीचा कॅशशी संबंध नाही. क्रोम काढताना ब्राउझिंग डेटा पुसायच्या चौकटीत खूण केली नसेल, तर कॅमेऱ्याला पूर्वी कधी दिलेला नकारही क्रोमच्या प्रोफाइलमध्ये (तुमच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये) तसाच राहतो.

आता मीट उघडा आणि पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा (पूर्वी तिथे कुलूप असायचं, २०२३ पासून दोन सरकपट्ट्या दिसतात). कॅमेरा आणि माइक दोन्ही चालू करून पान रीलोड करा. परवानगीची खिडकी घाईत वारंवार फुलीवर बंद केली असेल, तर क्रोम काही काळ विचारायचंच सोडून देतो. ‘मला कधी विचारलंच नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा हेच झालेलं असतं.

परवानगी आहे तरी चित्र नाही? मग कॅमेऱ्याशेजारचा दिवा बघा. मीट उघडण्याआधीच तो पेटलेला असेल, तर कॅमेरा दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवलाय. विंडोजवर साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रामला कॅमेरा मिळतो. झूमच्या सेटिंगमधली व्हिडिओची खिडकी उघडी राहिली तरी पुरतं. झूम नुसतं मिनिमाइझ करू नका, घड्याळाजवळच्या आयकॉनवरून पूर्ण बंद करा.

दिवा विझलेलाच असेल तर मीटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओखाली कुठला कॅमेरा निवडलाय ते पाहा. कधीकाळी ओबीएस (व्हिडिओ रेकॉर्ड-प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) किंवा मोबाइलचा वेबकॅम करणारं ॲप टाकलं असेल, तर तिथे आभासी (नुसता सॉफ्टवेअरमधला) कॅमेरा ठाण मांडून बसलेला असू शकतो आणि तुमच्याऐवजी काळा पडदा किंवा नुसता लोगो दाखवतो. काही अँटिव्हायरसमध्येही वेबकॅमचं संरक्षण असतं. ते झूमला सोडून ब्राउझरला अडवू शकतं. तिथली परवानगी दिलेल्या ॲपची यादी जरूर तपासा.

एक्स्टेन्शनचा (क्रोमला जोडलेल्या छोट्या ॲपचा) संशय असेल तर इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खाजगी खिडकीत, लिंक उघडा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, पण परवानगी नव्याने द्यावी लागते हे लक्षात ठेवा.

खाली ज्यांनी ‘ऑफिसच्या नेटवर कॉल लागतो, पण समोरच्याचा ना आवाज ना चित्र’ असं लिहिलंय, त्यांचा मामला वेगळा. आवाज-चित्र शक्यतो यूडीपीने (इंटरनेटवर डेटा झटपट पाठवायच्या एका पद्धतीने) जातं आणि ऑफिसची फायरवॉल (नेटवर्कची पहारेकरी यंत्रणा) किंवा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटशी जोडणारा खाजगी मार्ग) ते अडवू शकतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच कॉल लावून बघा. चालला, तर ब्राउझरला हात न लावता आयटीवाल्यांना यूडीपी ३४७८ पोर्ट (डेटा ये-जा करण्याचं क्रमांकित दार) उघडा आहे का ते विचारा.

इतकं करूनही अडलं तर मीट नेमकं काय म्हणतं ते शब्दशः इथे टाका. ‘ब्लॉक केलाय’, ‘सापडला नाही’ आणि ‘दुसरं ॲप वापरतंय’ ही तीन वेगळी दुखणी आहेत.